जर्मनच्या भांड्यातलं पाणी

त्या कुत्र्याने आयुष्यात एकदाच माणसाच्या अंगाला दात लावला, आणि त्यात दोष माझा होता. हे आजवर दोनच माणसांना ठाऊक आहे. एक माझी बायको. तिच्यापाशी कबुली द्यायची गरजच पडली नाही, कारण ती तिथे उभी होती. दुसरी ती म्हातारी, जिचा हात त्याने धरला. आता पन्नाशी उलटून गेली आहे, तेव्हाच्या बऱ्याच गोष्टी पुसट झाल्या आहेत, पण ते दहा दिवस मला एकेक करून आठवतात.

नागपुरात विणकरांच्या एका सहकारी सोसायटीत मी गोदामबाबू होतो. गोदाम कामठी रोडला होतं. पुढे मोठं आवार, मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि त्याला लागून एक टिनाची शेड. सोसायटी सूत आणायची, आणि हातमागवाले कोष्टी दर आठवड्याला येऊन आपापल्या वाट्याचं बंडल घेऊन जायचे. एका वर्षात गोदामाची मागची भिंत दोनदा फोडली गेली. तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षांनी कामठीच्या छावणीतल्या, बदली झालेल्या एका फौजी अधिकाऱ्याकडून हा कुत्रा आणला. जात मास्टिफची, असं ते म्हणाले. विणकरांनी त्याला कधी नावाने हाक मारली नाही. ते त्याला सायबाचा कुत्रा म्हणत.

असं जनावर आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. रंग वाळलेल्या गवताचा, तोंड मात्र काजळ फासल्यासारखं काळं. वजन माझ्याइतकं, कदाचित जास्तच. कपाळावर घड्या, त्यामुळे तो कायम कसल्यातरी काळजीत असल्यासारखा दिसायचा. खालच्या पापण्या लोंबत्या आणि आतून लाल. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून लाळेच्या तारा लोंबत, आणि त्याने मान झटकली की त्या भिंतीवर वरपर्यंत चिकटत. झोपला की घोरायचा. भुंकणं महिन्यातून एखाद्या वेळी, तेही घसा बसलेल्या माणसासारखं. बाकी सगळा वेळ गप्प.

त्याला घेऊन आलेला, त्या अधिकाऱ्याच्या हाताखालचा ऑर्डर्ली एक दिवस राहिला. क्वार्टरच्या पायरीवर बसून त्याने मला सगळं शिकवलं आणि हिंदीत एका कागदावर लिहूनही दिलं. खाणं दोन वेळा, एकदम भरपूर नाही. खाल्ल्यावर तासभर हलवायचं नाही, पोटाला पीळ बसतो आणि मरतो. तोंडाच्या घड्या ओल्या फडक्याने पुसायच्या, नाहीतर आत जखमा होतात. उन्हात ठेवायचं नाही, या कुत्र्यांना ऊन सोसत नाही. मारायचं नाही, एकदा मारलं तर वर्षभर लक्षात ठेवतो, चावत नाही पण जवळ येत नाही. एकट्याला खाऊ घालायचं नाही, शेजारी बसायचं. दर एप्रिलला इंजेक्शन. आणि शेवटची ओळ, जिच्याखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या: पाहुण्याबरोबर फाटकापर्यंत जायचं.

"ये अंदर सबको आने देगा, साहब," तो म्हणाला. "सामान लेके बाहर नहीं जाने देगा. काटेगा नहीं, पकड़ के रखेगा. आप गले का पट्टा पकड़ के साथ चलना."

तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, आणि पहिले सहा महिने त्यातली एकही ओळ चुकवली नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. उलट, मला काय करायचं ते नीट माहीत होतं, हे सांगायला सांगतो.

एप्रिल आला. जनावरांचा दवाखाना सीताबर्डीच्या पलीकडे. रिक्षावाल्याला विचारलं तर तो कुत्र्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, याले बसवलं तं मी कुठी बसू?" म्हणजे पायीच जायला हवं होतं, बाजारातून, गर्दीतून. माझा स्वभाव असा की संकट यायच्या आधीच मी ते मनात चार वेळा घडवून पाहतो. साखळी हातातून निसटते. कुणाच्या कडेवरचं पोर रडायला लागतं. एखादी बाई पिशवी घेऊन समोरून येते आणि तो तिचा हात धरतो. मग पोलीस, मग अध्यक्ष, मग क्वार्टर खाली करायची नोटीस. रोज सकाळी मी उद्यावर ढकलायचो. एक दिवस अध्यक्षांनी स्कूटरवरूनच विचारलं, "बाबू, कुत्र्याले सुई टोचली का?" मी म्हणालो, "हो, झालं." एवढंच. त्यांनी किक मारली आणि ते गेले. मला वाटलं, पुढच्या आठवड्यात करूनच टाकू, मग ते खोटं राहणार नाही.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. ती म्हातारी सूत न्यायला आली होती. पाचपावलीत राहायची. घरी एक माग होता, मुलगा विणायचा आणि ती रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. दर आठवड्याला ती मुलाबरोबर यायची आणि बंडल तो उचलायचा. त्या दिवशी मुलगा कुठल्याशा लग्नाला गेला होता, म्हणून बंडल तिने स्वतःच डोक्यावर घेतलं. मी टेबलाशी चिठ्ठ्या लिहीत होतो. घामाने कागद हाताला चिकटत होते. उठायचा कंटाळा आला. कुत्रा दाराच्या सावलीत घोरत होता.

"जा मावशी," मी म्हणालो. "झोपून राहिला तो."

काही आवाज झाला नाही. थोड्या वेळाने तिचाच आवाज आला, अगदी हळू. "बाबू, याले सांग गा सोडाले."

मी बाहेर धावलो. ती फाटकापासून चार पावलांवर उभी होती. डोक्यावर बंडल तसंच, एका हाताने धरलेलं. दुसरा हात कुत्र्याच्या तोंडात होता, मनगटापर्यंत. तो ओढत नव्हता, झटकत नव्हता. नुसता धरून उभा होता आणि माझ्याकडे पाहत होता, जणू म्हणत होता की हे काम तुझं होतं. मी "छोड़" म्हणालो आणि त्याने लगेच सोडलं. एक काकण फुटलं होतं. मनगटावर दोन भोकं होती आणि त्यांतून रक्त येत होतं.

बायकोने तिला नळावर नेऊन साबणाने हात धुतला आणि जुन्या लुगड्याचं फडकं बांधायला घेतलं. तोवर सूत न्यायला आलेले तीन-चार विणकर जमले. अध्यक्षही नेमके तेव्हाच आले.

"बुढे, हातात मटन घेऊन आलती का?" एकाने विचारलं.

"मटन असतं तं मीच नसतं का खाल्लं," ती म्हणाली.

सगळे हसले. मग दुसरा म्हणाला, "पन याले सुई टोचली हाय ना? नाहीतं पोटात चौदा सुया घ्या लागते बुढीले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनीही.

"झालंय," मी म्हणालो. "एप्रिलात झालं."

"मंग काही भेव नाही," अध्यक्ष म्हणाले. बायको फडक्याला गाठ मारत होती. म्हातारी त्या गाठीकडे पाहत होती. तिचं बंडल कुणीतरी सायकलवर घातलं आणि ते गेले.

आवार रिकामं झाल्यावर बायकोने विचारलं, "काहो, इंजेक्शन कधी झालं?"

मी कुत्र्याची साखळी शोधत होतो.

"तिले जाऊन सांगा."

मी तिला समजावलं. कुत्र्याला दहा दिवस बांधून ठेवायचं. तो पिसाळलेला असेल तर दहा दिवसांत मरतो. नाही मेला, तर तिला काही होणार नाही. घरातला कुत्रा, आवाराबाहेर कधी गेला नाही, त्याला कुठून होणार. पण आवाराच्या भिंतीखालून गावठी कुत्री यायची आणि हिवाळ्यात त्यातल्या एकाशी तो झुंजला होता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"आन तिले झालं तं?" तिने विचारलं. "तिले झाल्यावर सांगसान का?"

त्या रात्री तिने माझं ताट वाढून झाकून ठेवलं आणि स्वतः आधी जेवून घेतलं. असं तिने आधी कधी केलं नव्हतं.

कुत्र्याला मी मागच्या शेडमध्ये बांधलं आणि पाहत बसलो. पिसाळलेल्या कुत्र्याची लक्षणं मला ऐकून माहीत होती. लाळ गळते. डोळे लाल होतात. आवाज बसतो. सुस्त पडून राहतो. जबडा लोंबतो. आणि माझ्यासमोर बसलेल्या या प्राण्याची ही सगळी लक्षणं जन्मापासूनची होती. लाळ तर त्याची नेहमीचीच. पण आज जास्त आहे का? कालपेक्षा घट्ट आहे का? डोळ्यांची लाली रोज इतकीच असायची, की मी आजच नीट पाहतो आहे? दुसऱ्या दिवशी तो एकदा भुंकला आणि तो फुटका आवाज ऐकून मी हातातलं बंडल टाकून मागे धावलो, मग आठवलं की तो असाच भुंकतो. गोदामात सूत मोजताना मधेच उठून मी मागे जायचो. तो मान वर करायचा, कपाळाच्या घड्या आणखी खोल करायचा, आणि मला वाटायचं की हे आजाराचं आहे. सहा महिने ज्याची तोंडाची घडी न् घडी मी पुसली, तो कसा दिसतो हेच मला सांगता येईना.

त्यात मी त्याला भ्यायला लागलो होतो. तोंड पुसणं बंद केलं. भाकरी लांबून टाकायचो. पाण्याचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भांडं काठीने पुढे सरकवायचो. तो माझ्याकडे पाहायचा आणि मी शेडबाहेर उभा राहून त्याच्याकडे. ऑर्डर्लीच्या कागदातली शेजारी बसायची ओळ मला दिसत होती, पण तिथे बसायची माझी हिंमत नव्हती.

पाचव्या दिवशी त्याने भाकरीला तोंड लावलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी बायको शेडकडून आली आणि म्हणाली, "पाणी कालपासून तसंच हाय."

पाणी. ज्या आजारात पाण्याची भीती वाटते, तो आजार. मी सायकल काढली. ऊन डोक्यावर होतं. पाचपावलीपर्यंत मी वाक्यं जुळवत गेलो. मावशी, माझ्याकडून चूक झाली. मावशी, आजच दवाखान्यात चला. एकही वाक्य पुरं होईना. मी हिशेब करत होतो की सहा दिवस वाया गेले, आता सुया सुरू केल्या तर उपयोग होईल की नाही, आणि हे कुणाला विचारायचं.

तिच्या घरात माग चालू होता, बाहेरपर्यंत खटखट ऐकू येत होती. ती दारातल्या सावलीत रहाटाशी बसली होती, पण एका कुशीवर कलून, जणू पोटाला कुणाचा धक्का लागू नये. मला पाहून तिने रहाट थांबवला.

"कुत्रं मेलं का?"

"नाही."

"मंग कायले आला उन्हाचा? बस."

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. इंजेक्शन झालं नाही. मी खोटं बोललो. कुत्रा कालपासून पाणी पीत नाही. तुम्ही आत्ता माझ्यासोबत दवाखान्यात चला.

तिने कांडी काढून टोपलीत टाकली. "मी दुसऱ्या दिवसापासून जाऊन राहिली. आज पाचवी सुई झाली. हे पाह्य, बसता येत नाही नीट."

"तुमाले कोन सांगितलं?"

"तुही बायको फडकं बांधून राहिली होती," ती म्हणाली. "तू 'झालं' म्हनला, अन् तिचा हात थांबला. गाठ अर्धीच राहिली. मंग तिनं मारली. मले समजलं."

आत मागाची खटखट चालूच होती. मी खाली बसलो.

"तिथंच काहून नाही म्हनल्या?"

"चार लोकात म्हनू? तुही नोकरी जाती. अन् माही सुई कमी होती का त्यानं?" तिने फडकं बांधलेला हात मांडीवर ठेवला. "शेजारनी म्हनल्या सात विहिरीत डोकावून पाह्य, कुत्र्याचं इख उतरते. त्याही पाहिल्या. सातवीत तं पानीच नव्हतं. खाली कोनाची तरी बादली पडून होती."

ती हसली. मला हसता आलं नाही. डॉक्टर काय म्हणाले, ते मी विचारलं.

"कुत्रं दहा दिवस जगलं तं सुया बंद. नाहीतं चौदा." मग ती पुढे वाकली. "पानी कायले पीत नाही ते? कुठी बांधलं?"

"शेडमधे."

"टिनाच्या? अन् पानी कायच्यात ठेवतं?"

"जर्मनच्या भांड्यात."

"वैशाखात टिनाखाली, जर्मनच्या भांड्यात. तू पेशील का ते पानी?"

मी उठून सायकल धरली.

"घरी जा अन् बोट घालून पाह्य. अन् दहाव्या दिवशी मले येऊन 'कुत्रं बरं हाय' म्हनू नको. तुह्या तोंडचं मले नाही चालत. कुत्रं घेऊन ये. मी माह्या डोयानं पाहीन, मंग सुई बंद करीन."

परत आल्यावर मी शेडमध्ये गेलो. भांड्यात बोट घातलं आणि काढून घेतलं. चहासारखं पाणी. वरचं टिन इतकं तापलं होतं की उभं राहवत नव्हतं. सहा दिवस मी त्याला तिथे ठेवलं होतं आणि रोज उंबऱ्यावरून त्याच्या आजाराची लक्षणं मोजली होती.

बायकोने तोंड फुटलेला एक जुना माठ काढून दिला. मी कुत्र्याची साखळी सोडून त्याला आवारातल्या कडुनिंबाखाली आणलं. माठाला ओलं पोतं गुंडाळलं, पाणी भरलं आणि शेजारी मातीत बसलो. तो लगेच आला नाही. आधी माझा हात हुंगला, मग डोकं माझ्या मांडीवर टाकलं आणि लाळेने धोतर भिजवलं. मग उठून माठात तोंड घातलं. बराच वेळ पीत राहिला. बायको दारातून पाहत होती. ती आत गेली आणि भाकरी घेऊन आली. मी बसलेलो असताना त्याने ती खाल्ली.

भीती तेवढ्याने गेली नाही. सातवा, आठवा, नववा. रात्री मधेच उठून मी त्याचं घोरणं ऐकायचो. ज्या आवाजाला सगळे वैतागायचे, तो ऐकला की पुन्हा झोप लागायची.

दहाव्या दिवशी सकाळी त्याला काही खाऊ न घालता, साखळी हाताला दोनदा गुंडाळून मी फाटकाबाहेर पडलो. जिला मी अख्खा एप्रिल भ्यायलो, ती गर्दी हीच. काही झालं नाही. लोक आपोआप बाजूला होत होते. गल्लीतली कुत्री ओरडली, पण त्याने मान वळवून पाहिलं नाही. तो माझ्या डाव्या बाजूला हळूहळू चालत होता, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला फिरायला न्यावं तसा. दोन ठिकाणी सावली दिसली तिथे बसला आणि उठेचना, म्हणून मीही थांबलो. एका रिक्षावाल्याने विचारलं, "काय खाते गा हा?"

"भाकरी. कधी मटन."

"मंग माह्यापेक्षा बरा हाय."

एवढं साधं होतं ते. कुणाच्या पोटात आठ सुया जायच्या आधीच मी हे करू शकलो असतो.

म्हातारी दारात बसली होती. दवाखान्यात जायची तयार होती, चिठ्ठी पदराला बांधलेली, पण आमची वाट पाहत थांबली होती. तिला पाहून कुत्र्याने शेपटी हलवली. मी पट्टा दोन्ही हातांनी धरला. ती आत गेली आणि पितळी गंजात पाणी घेऊन आली. ठेवताना तिचा हात किंचित मागे आला, तो मला दिसला. मग तिने गंज खाली ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

तो प्यायला. नेहमीसारखाच, अर्धं पोटात आणि अर्धं अंगणात. ती त्याच्या गळ्याकडे पाहत होती, घोट उतरतो का ते. गंज रिकामा झाला. त्याने मान झटकली आणि लाळेची एक लांब तार तिच्या लुगड्यावर जाऊन बसली. तिने ती पाहिली, पण पुसली नाही.

"पेला," ती म्हणाली. पदराची गाठ सोडून तिने चिठ्ठी काढली, घडी केली आणि दारावरच्या फळीवर ठेवून दिली. मग मला म्हणाली, "आता इथूनच जा, त्याले सुई टोचून आन. घरी नको जाऊ. घरी गेला तं तू उद्या जाशील."

मी तिथूनच गेलो. सीताबर्डीतून, भर बाजारातून.

अध्यक्षांना मी कधीच सांगितलं नाही. त्यासाठीही मी उद्याची वाट पाहत राहिलो आणि मग सोसायटी बंद पडली. कुत्रा आणखी तीन वर्षं जगला. एवढी मोठी कुत्री फार जगत नाहीत. त्या तीन वर्षांत मी कुणालाही एकट्याने फाटकापर्यंत जाऊ दिलं नाही. म्हातारी सूत न्यायला यायची, त्याच्या डोक्यावर हात ठेवायची, पण त्याने धरलेला हात नाही, दुसरा. मी पट्टा धरून तिच्यासोबत चालायचो. ती कधी रागाने बोलली नाही. फक्त मी काहीही 'झालं' म्हटलं, सूत मोजून झालं, चिठ्ठी लिहून झाली, की ती आधी माझ्या बायकोच्या हाताकडे पाहायची.